रविवारची गोळी आणि रविवारचा फोन: टांझानियातल्या एका ट्रेनी स्वयंसेविकेचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण टांझानियातलं आहे. एका अमेरिकन स्वयंसेवक कार्यक्रमाची बॅच होती, ट्रेनिंगचं गाव ईशान्येकडच्या टांगा भागात, उसांबारा डोंगरांच्या बाजूला. जिच्याबद्दल लिहितेय ती तेव्हा चोवीस वर्षांची होती, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून माध्यमिक शाळेत गणित शिकवायला आलेली. मी तेव्हा ट्रेनिंग टीममध्ये होते. तिला विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ज्यांना अशा कार्यक्रमांची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९६१ मध्ये पीस कोअर ही अमेरिकन सरकारची स्वयंसेवक संस्था सुरू झाली तेव्हा स्वयंसेवक ज्या पहिल्या देशांत गेले त्यात घाना आणि टांगानिका होते, टांगानिका म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग. अलीकडे बऱ्याच कार्यक्रमांचा साचा साधारण असा असतो: पहिले तीनेक महिने ट्रेनिंग, त्या काळात गावातल्या एका कुटुंबात राहायचं, सकाळी भाषा, दुपारी कामाचं शिक्षण, शेवटी तोंडी भाषा परीक्षा, मग शपथ, आणि त्यानंतर दोन वर्षं नेमणुकीच्या गावी. शपथ होईपर्यंत तुम्ही स्वयंसेवक नसता, ट्रेनीच असता. ही गोष्ट बारीक वाटते पण पूर्ण प्रकरणात तीच आडवी येत राहिली, कारण ट्रेनीला सतत वाटत असतं की आपल्याला कोणीतरी जोखतंय, त्यामुळे त्रास झाला तरी तो लपवण्याकडेच कल असतो.

दुसरं म्हणजे भाषा. टांझानियात प्राथमिक शाळा स्वाहिलीत आणि माध्यमिक इंग्रजीत चालते, म्हणजे गणित इंग्रजीत शिकवायचं पण जगायचं सगळं स्वाहिलीत. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था, फॉरिन सर्व्हिस इन्स्टिट्यूट, आपल्या अधिकाऱ्यांना स्वाहिली नीट यायला पूर्णवेळ शिकून ३६ आठवडे धरते. या मुलांकडे, भाषेचे सकाळचेच तास धरले तर, त्याच्या एक तृतीयांशही वेळ नसतो.

अडचण

पहिला आठवडा तिचा छान गेला. दुसऱ्यात ती गप्प व्हायला लागली, तिसऱ्यात क्लासमध्ये डोळे मिटायला लागले, आणि एके दिवशी वर्गात मुलांपुढे सराव पाठ घेताना, साठ-सत्तर मुलं समोर, फळ्यावर समीकरण अर्धं लिहून ती तशीच उभी राहिली, पुढचं सुचेना. पाठ संपल्यावर म्हणाली, मला घरी जायचंय.

घरची, म्हणजे होस्ट कुटुंबाची बाजू वेगळीच होती. दुपारी क्लासवरून आली की ती खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. तिला तासभर शांतता हवी असायची, सकाळपासून प्रत्येक वाक्य डोक्यात जुळवून बोललेलं असायचं, रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला थांबून नमस्काराचं ‘शिकामो’ म्हणायचं, त्यांचं ‘मराहाबा’ ऐकायचं, मग घरच्यांची, झोपेची, कामाची चौकशी, आणि मागून पोरांचं ‘मझुंगू, मझुंगू’, म्हणजे ‘गोरी, गोरी’ चाललेलं. पण त्या घरात दिवसा दार लावून कोणी बसत नाही. दार लावलंय म्हणजे माणूस आजारी आहे किंवा कोणावर तरी रुसलाय. म्हणून होस्ट आई दर थोड्या वेळाने ‘होडी?’, म्हणजे ‘आत येऊ का?’ म्हणत दाराशी यायची, स्वतः नाही आली तर धाकट्या मुलीला चहा घेऊन पाठवायची. ट्रेनीला वाटायचं मला श्वास घेऊ देत नाहीत, आईला वाटायचं माझ्या घरात ही पोर सुकत चाललीय आणि उद्या लोक मलाच विचारतील. दोघींचा हेतू चांगला, आणि रोज दुपारी तेच.

जेवणाचंही तसंच. उगालीचा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचा, मोठा गोळा ताटात यायचा, संपला की अजून वाढायचे, आणि तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता, मळमळायचं. न खाणं हा अपमान समजला जाईल या भीतीने ती कसंबसं गिळायची.

वेळेचाही घोळ होता. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे एक, दहा म्हणजे चार. क्लासमध्ये हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, पण शिकणं वेगळं आणि अंगवळणी पडणं वेगळं. शेजारच्या लग्नाला ‘आठला’ निघायचं असं घरच्यांनी सांगितलं, म्हणजे दुपारी दोनला. ही सकाळी आठला आवरून, नवा खांगा नेसून ओसरीवर बसली. कोणी काही बोललं नाही, सगळे आपापल्या कामात, आणि आपल्यालाच मुद्दाम ताटकळत ठेवलंय असं तिला वाटत राहिलं. दुपारपर्यंत ती रडकुंडीला आलेली. नीट झोपलेली असती तर अर्ध्या तासात उलगडा झाला असता असं मला अजूनही वाटतं.

रात्रीचं तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. डोळ्याला डोळा लागत नव्हता, लागला तर भयानक स्वप्नं, इतकी खरी की उठल्यावर मच्छरदाणीच्या बाहेर हात काढायची भीती वाटायची. दिवसा छातीत धडधड.

टीमने काय धरलं

टीमच्या बैठकीत एका शब्दात निकाल लागला: कल्चर शॉक, म्हणजे परक्या संस्कृतीत बसणारा धक्का. हा शब्द प्रचलित करण्यात मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्गचा मोठा वाटा, त्याचा लेख १९६० चा, आणि त्याच्याही आधी १९५५ मध्ये समाजशास्त्रज्ञ लिसगार्डने नॉर्वेहून फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत जाऊन आलेल्या अभ्यासकांवरून तो प्रसिद्ध यू आकाराचा आलेख मांडला: आधी आनंद, मग घसरण, मग पुन्हा चढण. बहुतेक ट्रेनिंगमध्ये पहिल्याच आठवड्यात हा आलेख दाखवतात, आम्हीही दाखवला होता. ट्रेनीला धीर द्यायला तो चांगला आहे, हे मी नाकारत नाही. पण त्याचा परिणाम असा होतो की जो कोणी खचलेला दिसेल त्याला आलेखावर एक जागा मिळते, आणि जागा मिळाली की पुढचे प्रश्न बंद होतात. ‘खाली आहेस, वर येशील.’

शिवाय तो आलेख सगळ्यांना लागू पडत नाही. मानसशास्त्रज्ञ वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडला गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांवर वर्षभर नजर ठेवली (अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला), तेव्हा सर्वात जास्त त्रास अगदी सुरुवातीलाच दिसला, सुरुवातीच्या आनंदाचा, मधुचंद्राचा टप्पा वगैरे दिसलाच नाही. आमच्याकडे उलटा अर्थ लावला गेला, इतक्या लवकर खचली म्हणजे ही मुळातच कमकुवत असणार, अशी कुजबुज झाली. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

वही

पाणी कुठे मुरतंय हे कळलं ते भाषेच्या वहीतून. स्वाहिलीच्या शिक्षिकेने सगळ्यांना रोज चार-पाच वाक्यांची डायरी लिहायला लावली होती, भूतकाळ पक्का व्हावा म्हणून. काय खाल्लं, कुठे गेले, कशी झोपले. ट्रेनीला शब्द थोडेच येत होते त्यामुळे वाक्यं तीच तीच. ‘निलिलाला विझुरी’, नीट झोपले. ‘निलिलाला विबाया’, वाईट झोपले. शिक्षिका लाल पेनाने फक्त क्रियापदं तपासायची. एका संध्याकाळी तीन आठवड्यांच्या वह्या एकदम तपासताना तिच्या लक्षात आलं की ‘विबाया’ सगळीकडे विखुरलेलं नाहीये. सोमवार, मंगळवार, बुधवारच्या पानांवर ते ठासून भरलंय, शुक्रवार-शनिवारकडे कमी होतंय, आणि पुन्हा सोमवारी सुरू.

हा या प्रकरणातला पहिला खरा निर्णयाचा क्षण. वही थेट ऑफिसात आणून दाखवणं सोपं होतं. शिक्षिकेने तसं केलं नाही. तिने दुसऱ्या दिवशी ट्रेनीला क्लासनंतर थांबवलं, वही उघडून दाखवली आणि विचारलं, रविवारी काय होतं? आणि हे मी कोणाला दाखवू का, की तू दाखवतेस? ते वाक्य मला फार मोलाचं वाटतं. ती मुलगी आधीच सगळ्यांच्या नजरेखाली होती, तिच्या पाठीमागे आणखी एक कागद फिरला असता तर तिने तोंड उघडलंच नसतं.

रविवारी दोन गोष्टी व्हायच्या. एक, मलेरियाची आठवड्याची गोळी, मेफ्लोक्विन. दोन, घरचा मोठा फोन. टांझानिया आणि अमेरिकेचा पूर्व किनारा यांत त्या महिन्यांत सात तासांचा फरक असतो, घरचे सगळे चार वाजता एकत्र बसायचे म्हणजे इथे रात्रीचे अकरा, आणि फोन चालायचा एक-दीडपर्यंत. आई रडायची, ही रडायची, मग अंधारात एकटी.

मेफ्लोक्विनबद्दल सांगायला हवं. टांझानियात घातक प्रकारचा, फाल्सिपेरम मलेरिया आहे, त्यावर जुनं क्लोरोक्विन चालत नाही, त्यामुळे बाहेरून आलेल्यांना प्रतिबंधक औषध लागतंच. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं म्हणून सोयीचं, पण काही लोकांना त्याने निद्रानाश, भयंकर स्वप्नं, चिंता, चक्कर, मळमळ होते, क्वचित गंभीर मानसिक त्रास. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, त्यावर आपला सर्वात कडक, चौकटीतला इशारा लावला. नैराश्य किंवा चिंतेचा विकार असलेल्यांना, अलीकडे होऊन गेलेल्यांनाही, ते देऊ नये असं सांगितलं जातं. आता तिची लक्षणं परत वाचा. झोप, स्वप्नं, धडधड, मळमळ. आलेखावर सगळं बसत होतं, आणि औषधाच्या माहितीपत्रकावरही सगळंच बसत होतं.

समोर कोणते पर्याय होते

पहिला, घरी परत. याला कमीपणाचं मानू नये असं माझं ठाम मत आहे, त्याच बॅचमधला एक मुलगा वडिलांच्या आजारपणामुळे परत गेला आणि त्याने योग्यच केलं. पण हिचं परत जाणं म्हणजे न झोपलेल्या डोक्याने घेतलेला निर्णय झाला असता, आणि तो उलटवता येत नाही.

दुसरा, होस्ट कुटुंब बदलणं. टीममधले दोघं याच्या बाजूचे होते. कुठे असुरक्षित वाटत असेल, कोणी अंगाशी येत असेल, पिऊन गोंधळ घालत असेल तर मी चर्चाही करणार नाही, त्याच दिवशी हलवायचं. इथे तसं काहीच नव्हतं. आणि गावात पाहुणी अचानक दुसऱ्या घरात गेली की त्या आईला पुढे कित्येक महिने लोक विचारणार, तुझ्याकडे काय झालं? नव्या घरातही दाराचा प्रश्न तोच राहणार होता.

तिसरा, थांबून बघणं. आलेखवाल्यांचा पर्याय. याने एरवी बऱ्याच जणांचं भलं होतं हेही खरं.

चौथा, फोन बंद करायला सांगणं. ‘घरच्यांशी बोलणं कमी केलं की इथे रुळतात’ हे मी कितीदा ऐकलंय. मला हा सल्ला क्रूर वाटतो. अडलेल्या माणसाचा एकमेव आधार काढून घ्यायचा आणि मग रुळण्याची वाट बघायची, यात रुळतो तो बोलणं सोडून देतो इतकंच.

पाचवा, सगळा त्रास एका नावाखाली न ठेवता सुटा करायचा. औषधाचं डॉक्टरांकडे, फोनचं तिच्या घरच्यांशी, दाराचं होस्ट आईशी. हाच घेतला.

काय केलं

डॉक्टरांना सांगायला ती तयार नव्हती. झोप येत नाही, भीती वाटते असं फाइलवर गेलं की मला वैद्यकीय कारणाने परत पाठवतील, असं तिचं म्हणणं. ही भीती उगाच नाही, असं होऊ शकतं. शिक्षिकेने तिला एवढंच सांगितलं की वहीत जे लिहिलंयस तेवढंच सांग, तारखा आणि झोप, बाकी अर्थ त्यांना लावू दे. मग तिने दार एस सलाम शहरात असलेल्या कार्यक्रमाच्या डॉक्टरांना फोन केला आणि वही वाचून दाखवली. त्यांनी विचारलं की याआधी कधी असा त्रास झाला होता का? तेव्हा कळलं की कॉलेजात असताना काही महिने चिंतेसाठी उपचार घेतले होते. अर्जात प्रश्न होता ‘सध्या उपचार चालू आहेत का’, तिने ‘नाही’ लिहिलं, आणि ते खरंच होतं.

इथे दुसरा मोठा निर्णय आला. शास्त्रशुद्ध वागायचं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायला हवी, म्हणजे आधी फोनचा वार बदलून आठवडाभर बघा, फरक नाही पडला तर गोळी. टीममध्ये हे कोणीतरी सुचवलंही. डॉक्टरांनी नकार दिला. मानसिक लक्षणं दिसतायत म्हटल्यावर पुढचा डोस द्यायचाच नाही, आणि संरक्षणात एक दिवसाचाही खंड पडू द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. मला ते पूर्ण बरोबर वाटतं. बदली औषधांत डॉक्सिसायक्लिन होतं, रोजचं, पण त्याने उन्हाने कातडी लवकर भाजते आणि रिकाम्या पोटी सोसत नाही, विषुववृत्ताजवळ चालत फिरणाऱ्या आणि आधीच मळमळणाऱ्या मुलीला ते जड गेलं असतं. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ठरलं, रोज एक, जेवणासोबत. डॉक्टरांनी हेही बजावलं की मेफ्लोक्विन शरीरातून हळूहळू, आठवड्यांच्या हिशेबाने उतरतं, तेव्हा उद्या सकाळी बरं वाटेल अशी आशा धरू नकोस. आणि कोणीही, कधीही, आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही, मलेरिया जीव घेतो.

फोन तिने स्वतःच हलवला. शनिवारी संध्याकाळी पाच, तिकडे सकाळचे दहा. उजेडात बोलायचं, बोलून झालं की होस्ट आई आणि तिच्या मुलींबरोबर स्वयंपाकघरात जाऊन बसायचं. रडणं लगेच थांबलं नाही पण फोननंतर ती एकटी राहीना.

दाराचं सोडवायला शिक्षिका घरी गेली, आणि यात तिने जी हुशारी दाखवली ती कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही. तिने एकांत वगैरे काही काढलंच नाही. ती होस्ट आईला म्हणाली, हिला रोज दुपारी तासभर अभ्यास करावा लागतो, नाही केला तर परीक्षेत नापास होईल. अभ्यास हे कारण आईला लगेच पटलं. मग आईनेच उपाय सांगितला: दार उघडं ठेव, पडदा ओढ. तिथे खोल्यांच्या दारांना पडदे असतातच. दार उघडं म्हणजे घरात कोणी रुसलेलं नाही, पडदा ओढलेला म्हणजे आत येऊ नका. धाकटीला पडद्याबाहेर बसवून आई शेजारणींना सांगायची, हळू बोला, आत अभ्यास चाललाय.

जेवणाबद्दल आईला सरळ सांगितलं की औषधाने मळमळतंय. आईने उगाली कमी केली, भात आणि माहारागे म्हणजे घेवड्याची उसळ वाढवली आणि उरलेल्याबद्दल एक शब्द काढला नाही. औषधाचं कारण कोणीही समजून घेतं, ते आधी सांगितलं नव्हतं एवढंच.

निकाल

स्वप्नं एकदम गेली नाहीत. वहीतलं ‘विबाया’ पुढच्या तीन-चार आठवड्यांत विरळ होत गेलं, सोमवार-मंगळवारचा ठसा पुसला गेला. भाषेच्या तोंडी परीक्षेत ती लागणाऱ्या पातळीला काठावर पोचली, शपथ झाली, नेमणुकीच्या गावी गेली आणि दोन वर्षं पूर्ण केली.

सगळं सुटलं नाही. रस्त्यावर सतत आपल्याकडे बघितलं जाणं तिला शेवटपर्यंत जड गेलं, नेमणुकीच्या गावी तर ती एकटीच परदेशी होती. ते गोळीमुळे नव्हतं, फोनमुळेही नव्हतं, त्याला खरोखरच परक्या जागी राहण्याचा ताण म्हणता येईल, आणि त्यावर तिने वेळ घेऊन आपापले मार्ग काढले. मधली गर्दी बाजूला झाल्यावरच तो तेवढा भाग नीट दिसायला लागला.

त्रासात गोळीचा वाटा किती आणि मध्यरात्रीच्या फोनचा किती, हे आम्हाला सांगता येत नाही आणि येणारही नाही, कारण दोन्ही एकाच आठवड्यात बदललं. नंतरच्या बैठकीत काहींना ‘गोळीच होती’ असा निष्कर्ष लिहायचा होता. तो लिहू दिला नाही. तिला विचारलं तर ती म्हणते, माझ्या मते दोन्ही, पण पडदा सर्वात जास्त.

वेगळं काय करता आलं असतं

अर्जातला प्रश्न. ‘सध्या उपचार चालू आहेत का’ याऐवजी ‘आधी कधी झोपेचा, चिंतेचा, उदासीचा त्रास झालाय का’ असं विचारलं असतं, आणि उत्तराचा संबंध निवडीशी नाही, औषध ठरवण्याशी आहे हे स्पष्ट सांगितलं असतं, तर ही गोळी तिला कदाचित दिलीच गेली नसती. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा, कारण ट्रेनी खरं तेव्हाच लिहील जेव्हा त्याची किंमत मोजावी लागणार नाही.

मेफ्लोक्विन साधारणपणे निघायच्या निदान दोन आठवडे आधी सुरू करतात. त्यात एक फायदा असा असतो की त्रास व्हायचा असेल तर काही जणांना तो घरीच जाणवतो. तिनेही वेळेवर सुरू केली होती, पण त्या दिवसांत निरोपसमारंभ, पॅकिंग, जागरणं, झोप उडाली तरी कोणाला नवल वाटलं नसतं. त्या दोन आठवड्यांत कोणीतरी फोन करून फक्त झोपेबद्दल विचारायला हवं होतं.

यू आलेख पहिल्या आठवड्यात दाखवायचाच असेल तर त्याबरोबर हेही सांगावं की प्रत्येकाचं असं होत नाही, आणि झोप सलग काही रात्री गेली तर आधी डॉक्टर, मग आलेख. पुढच्या बॅचपासून दुसऱ्या आठवड्यात एक छोटी भेट ठेवली गेली, ट्रेनी आणि नर्स, टीमचं कोणी नाही, आणि त्यात तीनच गोष्टी विचारतात: झोप कशी आहे, गोळी कोणत्या वारी घेता, घरी फोन कधी करता.

होस्ट कुटुंबाचंही ट्रेनिंग होतं, पण त्यात मच्छरदाणी, उकळलेलं पाणी, जेवण एवढंच असायचं. परदेशी पाहुणा दिवसा तासभर एकटा बसेल आणि तो रागावलेला नसेल, हे तिथे सांगितलं जात नव्हतं. आता ते सांगायला त्याच होस्ट आईला बोलावतात, ती पडद्याचं सांगते.

शिक्षिकेच्या वहीचं काय करायचं यावर मात्र आमचं एकमत झालेलं नाही. काहींना ती पद्धत सगळीकडे लावायची होती, भाषेच्या डायऱ्या दर आठवड्याला नर्सने वाचायच्या. माझा त्याला विरोध आहे. मुलं त्या वहीत खरं लिहितात कारण तिथे फक्त क्रियापदं तपासली जातात.